सिंथसाठी कीबोर्ड कंट्रोलर घेताना या चुका टाळा: पट्टी वर कशी येते ते आधी बघा

कंट्रोलर (दुसऱ्या सिंथला किंवा कॉम्प्युटरला सूर कळवणारा कीबोर्ड) निवडताना बहुतेकांचं लक्ष एकाच गोष्टीवर असतं: पट्टी दाबताना किती जड लागते. दाबलेली पट्टी परत वर कशी येते, याची चौकशी फारसं कुणी करत नाही. सिंथ, म्हणजे सिंथेसायझर, वाजवायचा असेल तर खरा फरक तिथेच पडतो.

माझा पहिला कंट्रोलर मी वजन बघूनच घेतला होता. 88 पट्ट्या, पूर्ण हॅमर ॲक्शन, म्हणजे पियानोसारखी वजनदार यंत्रणा. पियानोचे आवाज त्यावर छान लागायचे. पण मोनो सिंथवर (एका वेळी एकच सूर वाजवणाऱ्या) एका मात्रेत चार सूर येतील अशी बेसलाइन धरली, की मधले सूर एकमेकांना चिकटायचे. काही सूर तर उमटायचेच नाहीत. कित्येक महिने मला वाटत राहिलं की माझा रियाज कमी पडतोय. पुढे एका हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर तीच बेसलाइन वाजवली आणि ती पहिल्याच दिवशी सुटी, स्वच्छ आली.

जड म्हणजे चांगली, हा समज

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर निवड सोपी होते. बहुतेक कीबोर्डांत प्रत्येक पट्टीखाली दोन संपर्क असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. त्या दोन क्षणांमधल्या वेळावरून यंत्र वेग मोजतं आणि 1 ते 127 मधला आकडा पाठवतं. हीच व्हेलॉसिटी. म्हणजे कीबोर्ड तुमचा जोर मोजत नाही, वेग मोजतो. सूर थांबल्याचा संदेश जातो तो पट्टी परत येताना वरचा, म्हणजे आधी जुळलेला, संपर्क सुटल्यावर, म्हणजे पट्टी जवळजवळ पूर्ण वर आल्यावर.

आता हॅमर ॲक्शनचा विचार करा. पट्टीबरोबर एक वजन वर उचललं जातं आणि बोट काढलं की ते वजन स्वतःच्या गतीने खाली येतं. ही गती पियानोच्या हाताला ओळखीची असते. पियानोत एकाच वेळी अनेक सूर घुमत राहतात, त्यामुळे एखादा सूर थोडा उशिरा सुटला तरी कानाला खटकत नाही. मोनो सिंथवर मात्र एका वेळी एकच सूर वाजतो. आधीची पट्टी अजून पूर्ण वर आली नसताना पुढची दाबली गेली, की सिंथच्या लेखी दोन पट्ट्या एकदम दाबलेल्या असतात. अनेक सिंथ अशा वेळी त्याला लेगाटो (सूर जोडून वाजवणं) समजतात: एन्व्हलप, म्हणजे सुराचा ठरवलेला चढ-उतार, नव्याने सुरू होत नाही, आणि ग्लाइड चालू असेल तर एका सुरावरून दुसऱ्यावर नको असलेली मींड निघते.

1970 च्या मिनिमूग या मोनो सिंथसारख्या रचनेत ही अडचण आणखी ठळक होते, कारण तिथे सर्वांत खालच्या सुराला प्राधान्य असतं. खालची पट्टी जराशी धरलेली राहिली तर वरचा नवा सूर लागतच नाही. त्यामुळे सूर गळायला लागले की आधी सिंथमधली नोट प्रायॉरिटी (अनेक पट्ट्या दाबलेल्या असताना कुठला सूर वाजवायचा, ती सेटिंग) बघा. ती ‘लास्ट’, म्हणजे शेवटी दाबलेल्या सुराला प्राधान्य, अशी केल्यावर सूर यायला लागले आणि तरीही ते चिकटत असतील, तर पट्टीच्या परतीकडे किंवा आपल्या बोटाच्या उचलीकडे बघायची वेळ आली.

हॅमर ॲक्शनमध्येही तीन सेन्सरवाले प्रकार मिळतात. त्यांत पट्टी पूर्ण वर न येताही तोच सूर पुन्हा वाजवता येतो. पियानो आणि सिंथ दोन्ही एकाच कंट्रोलरवर वाजवायचे असतील तर निदान एवढं तरी मागा. माझं मत विचाराल, तर ज्यांचं बहुतेक काम लीड, बेस आणि आर्पेजिओचं (कॉर्डचे सूर एकामागून एक) आहे त्यांनी स्प्रिंगच्या चांगल्या पट्ट्या घ्याव्यात आणि पियानोची हौस वेगळ्या वाद्यावर भागवावी. दोन्ही कामं तितक्याच चांगल्या रीतीने करणारी ॲक्शन मला अजून सापडलेली नाही.

‘सेमी-वेटेड’ या शब्दावर विसंबणं

सेमी-वेटेड म्हणजे हलकी आणि जड यांच्या मधली पट्टी, पण हा शब्द कुठल्याही मापाने बांधलेला नाही. एकाची सेमी-वेटेड पट्टी लोण्यासारखी खाली जाते, दुसऱ्याची ताठ स्प्रिंगमुळे बोट दमवते. कंपनीचं नावही पुरेसं नाही. रेकानाती या इटलीतल्या गावातली फाटार ही कंपनी अनेक नामांकित सिंथ आणि कंट्रोलर बनवणाऱ्यांना पट्ट्यांचे संच पुरवते, त्यामुळे ‘यात फाटार आहे’ हे वाक्य शिफारस म्हणून सतत ऐकू येतं. पण फाटार स्वतः अनेक प्रकारचे संच बनवते: टीपी/9 हलक्या सिंथ वादनासाठी, टीपी/40 आणि टीपी/100 हॅमरचे. शिवाय तोच संच दोन वेगळ्या यंत्रांत बसवला तरी वेग मोजणारी इलेक्ट्रॉनिक्स आणि व्हेलॉसिटीची वक्ररेषा (कुठल्या वेगाला कुठला आकडा, ते ठरवणारी) वेगळी असू शकते, म्हणून हाताला दोन्ही वेगळे वाटतात.

मग बघायचं काय? वाद्य बंद ठेवून सुरुवात करा. आवाज सुरू झाला की कान बोटाला फसवतो.

आधी पांढरी पट्टी पुढच्या कडेला दाबा. मग तीच पट्टी मागे, दोन काळ्या पट्ट्यांच्या मधल्या भागात दाबा. मागे खूप जास्त जोर लागत असेल, तर पट्टीचा टेकू फार जवळ आहे. काळ्या पट्ट्या जास्त येणाऱ्या कॉर्डमध्ये बोटं नेमकी तिथेच पडतात, आणि अशा कीबोर्डवर कॉर्डमधला एखादा सूर नेहमी दबका येतो. स्वस्त कंट्रोलरांमध्ये मला सर्वांत जास्त हाच दोष दिसला आहे आणि तो कुठल्याही सेटिंगने जात नाही.

नंतर एकाच पट्टीवर दोन बोटं आलटून पालटून जितक्या जलद चालवता येतील तितकी चालवा. पट्टी बोटाबरोबर वर येते का, की बोट हवेत आणि पट्टी अजून वाटेत, हे लगेच कळतं. पट्टी आडवी हलवून बघा. थोडी हालचाल सगळीकडे असते, शेजारच्या पट्टीला घासणारी नको. शेवटी जोरात दाबून तळाचा आघात ऐका: मऊ ‘थप’ असेल तर ठीक, प्लास्टिकचा खट्ट आवाज असेल तर रात्री हेडफोन लावून वाजवताना घरातल्यांना तोच ऐकू येणार.

तळहाताने सप्तकभर घसरत जायची सवय असेल, तर पट्टीच्या पुढच्या कडेला बाहेर आलेला ओठ नको. ऑर्गनसारख्या ‘वॉटरफॉल’ पट्ट्या त्यासाठीच असतात.

आफ्टरटच आहे की नाही, एवढंच विचारणं

सिंथ वाजवणाऱ्यासाठी आफ्टरटच म्हणजे सुराला नंतर दिलेला जीव. पट्टी तळाला टेकल्यावर आणखी दाब दिला की फिल्टर (आवाज किती उजळ ते ठरवणारा भाग) उघडतो, कंप येतो, सूर फुलतो. म्हणून तो हवाच, पण त्याचे दोन प्रकार आहेत. चॅनल आफ्टरटचमध्ये सगळ्या पट्ट्यांखाली मिळून एकच दाबपट्टी असते. एक बोट दाबलं की धरलेल्या सगळ्या सुरांवर परिणाम होतो. पॉलिफोनिकमध्ये प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा पाठवला जातो, त्यामुळे कॉर्ड धरून त्यातला फक्त वरचा सूर फुलवता येतो. यामाहाच्या सीएस-80 मध्ये ही सोय 1977 मध्ये होती. नंतर बरीच वर्षं ती दुर्मिळ राहिली आणि अलीकडे एएसएमच्या हायड्रासिंथसारख्या वाद्यांमुळे पुन्हा आवाक्यात आली. पण तुमचा सिंथ पॉलिफोनिक दाब ओळखत नसेल, तर फक्त तेवढ्यासाठी महाग कंट्रोलर घेण्यात अर्थ नाही. आधी सिंथची माहितीपुस्तिका बघा.

विकत घेण्यापूर्वी हातानेच तपासायची गोष्ट म्हणजे दाबाची चढण. काही कीबोर्डांवर आधी काहीच होत नाही, अंगठा पांढरा पडेपर्यंत दाबावं लागतं, आणि मग आकडा एकदम 0 वरून 127 वर उडी मारतो. असा आफ्टरटच म्हणजे एक बटण झालं. हळूहळू दाब वाढवत फिल्टरचा आवाज ऐका. तो दाबाबरोबर सलग उघडत गेला पाहिजे.

उलट तक्रारही येते: जोरात वाजवलं की न मागता कंप सुरू होतो. इथे पट्ट्यांचा दोष क्वचित असतो. कंट्रोलरमधली आफ्टरटचची सुरुवातीची मर्यादा वाढवा, किंवा सिंथमध्ये आफ्टरटचमुळे होणाऱ्या बदलाचं प्रमाण कमी करा. आणि आफ्टरटच मुळीच चालत नाही असं वाटलं, तर सिंथमधल्या त्या आवाजात (प्रीसेटमध्ये) तो कशाला जोडला आहे का ते बघा. पुष्कळ आवाजांमध्ये तो कशालाच जोडलेला नसतो.

व्हेलॉसिटीचा घोळ

‘पट्ट्या मेलेल्या वाटतात, हळू-जोरात फरकच पडत नाही.’ ही तक्रार करण्याआधी आवाज बदलून बघा. मिनिमूगच्या किंवा 1978 च्या प्रॉफेट-5 या सिंथच्या पट्ट्यांना व्हेलॉसिटी नव्हतीच, त्यामुळे त्या धाटणीच्या आवाजांत ती अनेकदा जोडलेली नसते. फिल्टर एन्व्हलपच्या प्रमाणाला थोडी व्हेलॉसिटी जोडली की तोच कीबोर्ड जिवंत वाटायला लागतो. 1983 च्या यामाहा डीएक्स7 या सिंथपासून एफएम (एका लहरीने दुसरीत बदल करून आवाज घडवण्याची पद्धत) वाजवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे: तिथे व्हेलॉसिटी मॉड्युलेटरच्या, म्हणजे बदल करणाऱ्या लहरीच्या, पातळीला जोडली, की जोरात मारलेला सूर नुसता मोठा होत नाही, तो उजळतो.

आवाज बदलूनही अडत असेल तर मिडी मॉनिटर उघडा, म्हणजे कीबोर्डकडून येणारे मिडी संदेश (वाद्यांमधली संदेशांची भाषा) दाखवणारं सॉफ्टवेअर. एकच पट्टी दहा वेळा सारख्याच वेगाने वाजवा आणि आकडे बघा. ते 60 ते 70 मध्ये राहिले तर ठीक. 40, 85, 52 असे उड्या मारत असतील तर मोजमापच कच्चं आहे, वक्ररेषा बदलून फायदा नाही. आकडे स्थिर आहेत पण नेहमीच्या जोराला 90 च्या वर जातच नाहीत, तर मात्र ‘सॉफ्ट’ वक्ररेषा निवडा. सहज वाजवूनही सतत 110 च्या पुढे असाल तर ‘हार्ड’.

इथे एक चूक फार होते. वक्ररेषा कंट्रोलरमध्येही बदलली जाते आणि सॉफ्टवेअरमध्येही, मग दोन्हींचा गुणाकार होऊन मधले आकडे गायब होतात. सिंथ आणि सॉफ्टवेअर दोन्ही ‘लिनिअर’वर ठेवा आणि कंट्रोलरमध्येच हाताला जुळेल ते ठरवा.

दोष पट्ट्यांचा नसतो तेव्हा

पट्टी ‘जड’ किंवा ‘सुस्त’ वाटते याचं कारण कित्येकदा विलंब असतं. कानाला सूर उशिरा पोचला की बोट नकळत जास्त जोर लावतं. ऑडिओ बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून पाठवतो तो आवाजाचा तुकडा) 512 सॅम्पल आणि दर 44.1 किलोहर्ट्झ असेल तर फक्त तेवढ्यानेच सुमारे 11.6 मिलिसेकंद जातात. 128 सॅम्पल आणि 48 किलोहर्ट्झला ते 2.7 च्या आसपास येतात. पाच पिनांच्या मिडी केबलला दोष देऊ नका. तिथून एक सूर जायला जेमतेम 1 मिलिसेकंद लागतो.

सूर दुहेरी, फेसाळ ऐकू येतात? पट्ट्या असलेला सिंथ कंट्रोलर म्हणून वापरत असाल, तर त्याचा ‘लोकल’ (पट्ट्यांवरून थेट स्वतःचा आवाज वाजवण्याची सेटिंग) बंद करा. नाहीतर तोच सूर एकदा थेट पट्टीवरून आणि एकदा कॉम्प्युटरमधून फिरून येतो.

सूर सुटतच नाहीत आणि पेडल दाबल्यावर मात्र थांबतात? पेडलची पोलॅरिटी उलटी आहे, म्हणजे दाबलेलं आणि सोडलेलं यांची अदलाबदल झाली आहे. पेडल जोडून, त्यावर पाय न ठेवता कंट्रोलर चालू करा. बरेच कंट्रोलर त्या क्षणी पेडलची स्थिती ओळखतात.

स्टँड डुगडुगत असेल तर सर्वांत चांगली ॲक्शनही ढिली वाटते. ते बदलणं कंट्रोलर बदलण्यापेक्षा सोपं.

पट्ट्यांची संख्या आणि आकार

सिंथसाठी 49 किंवा 61 पुरतात. दोन हातांनी वेगवेगळे भाग वाजवत असाल तर 61. मिनी पट्ट्या प्रवासाला ठीक आहेत, पण रियाज त्यांच्यावर करू नका. पूर्ण आकाराचं सप्तक साधारण 165 मिलिमीटरचं असतं आणि हाताला अंतराची सवय त्याच मापाने लागलेली बरी.

वापरलेला कंट्रोलर घेताना

खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी हळू वाजवा, एकही न वगळता. एखादी पट्टी हळू वाजवूनही 127 च्या जवळ आकडा देत असेल, तर बहुधा रबरी संपर्कपट्टीखाली धूळ आहे. पहिला संपर्क उशिरा जुळतो, दोन क्षणांमधलं अंतर घटतं, आणि यंत्राला वाटतं की तुम्ही फार वेगाने मारलंत. हा दोष बरेचदा दुरुस्त होतो, म्हणून तेवढ्यावरून सौदा मोडू नका. मात्र वॉरंटी चालू असेल तर स्वतः उघडू नका.

उघडायचंच असेल तर आधी वीज आणि सगळ्या केबल काढा. पट्ट्यांचे आणि स्प्रिंगांचे फोटो काढत चला. रबरी पट्टी उचलून तिचे काळे ठिपके आणि खालच्या सर्किटवरचे संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओल्या केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने हलकेच पुसा. ठिपके खरवडू नका आणि त्यांना बोट लावू नका. बोटाचं तेलही तिथे अडथळा होतं. पूर्ण वाळू द्या, रबर पुन्हा नीट बसलंय ना ते कडेपर्यंत दाबून बघा, आणि सगळे स्क्रू घट्ट करण्याआधी मिडी मॉनिटर लावून त्या पट्टीसोबत तिच्या शेजारच्या पट्ट्याही वाजवून घ्या.