काळ्या पेटीतले कागद आणि पोरांची फी

फौजेतून पेन्शनवर आलेल्या माणसाच्या घरी काळी पत्र्याची पेटी असतेच. झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, रँक, नाव. आमची माळ्यावर होती. ह्यांनी मराठा रेजिमेंटमध्ये 17 वर्षं काढली, हवालदार होऊन घरी आले आणि सहा महिन्यांत ठाण्याला सिक्युरिटीच्या नोकरीला लागले. पेटी राहिली खेडजवळच्या आमच्या घरी, आणि तिच्यातल्या कागदांची सगळी जबाबदारी माझ्यावर आली. आता वाडीतल्या, शेजारच्या गावांतल्या बायका माजी सैनिकांच्या मुलांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या मदतीबद्दल विचारायला येतात. प्रत्येकीला मी जे सांगते, तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी पेटी खाली काढा. मे महिन्यात, आगोटीची कामं चालू असतात तेव्हाच काढा. आपल्याकडे जून लागला की कागदाला बुरशी धरते आणि माळ्यावर वाळवी कधी शिरली ते कळत नाही. डिस्चार्ज बुक (फौज सोडताना मिळतं ते नोंदींचं पुस्तक), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि माजी सैनिकाचं ओळखपत्र वेगळं काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कोऱ्या वाटणाऱ्या पानांचाही. आमच्या डिस्चार्ज बुकात मुलांची नोंद होती ते पान मी रिकामं समजून सोडून दिलं होतं.

त्या पानावर मुलांची नावं आणि जन्मतारखा वाचा. मग शाळेचा दाखला आणि आधार कार्ड शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा. एवढं एक काम आज केलंत तरी पुढची निम्मी धावपळ वाचेल. आमची थोरली झाली तेव्हा हे जम्मूला होते. बारसं व्हायच्या आधीच ह्यांनी युनिटमध्ये नाव लिहून दिलं, आम्ही घरी हाक मारायचो ते, छकुली. त्याच नावाची पार्ट टू ऑर्डर, म्हणजे फौजेच्या नोंदीचा आदेश, निघाला. शाळेत नाव घातलं सायली. बारावीपर्यंत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. फौजेच्या कागदावर सायली नावाची मुलगी आम्हाला नव्हतीच, त्यामुळे मदतीचा पहिला अर्ज परत आला. मी त्या दिवशी रत्नागिरीच्या स्टँडवर बसून रडले आहे.

दुरुस्ती होते, निवृत्तीनंतरही होते. जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, दोन्ही नावं एकाच मुलीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि वडिलांचा अर्ज, हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसला, जातं. मराठा रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिकला. आपल्या किनाऱ्यावर नेव्हीवाले पुष्कळ. खलाशांची कागदपत्रं मुंबईला मानखुर्दला असतात. अर्जावर सर्व्हिस नंबर ठळक लिहा. आम्हाला साडेतीन महिने लागले. म्हणून सांगते, मूल आठवी-नववीत असतानाच हे उरकून घ्या. बारावीच्या निकालानंतर कॉलेजचे प्रवेश, वसतिगृह, फी सगळं एकदम अंगावर येतं, तेव्हा साडेतीन महिने कुठून आणणार?

दुसरं काम सैनिक कार्यालयात नोंदणीचं. आपल्या जिल्ह्याचं कार्यालय रत्नागिरीला, रायगडवाल्यांचं अलिबागला. पेन्शन बँकेत येते म्हणून नोंदणी आपोआप झाली असं समजू नका. जाऊन ओळखपत्र करून घ्या आणि पत्नीचंही नाव लावून घ्या. घरधनी मुंबईला असला तर त्याच्या सहीचा साधा अर्ज सोबत ठेवा. निघण्यापूर्वी फोन करून साहेब दौऱ्यावर नाहीत ना, विचारा. खेडहून रत्नागिरी म्हणजे अख्खा दिवस जातो, आणि पावसात परशुराम घाटात दरड आली तर तोही पुरत नाही.

आता पैशाचं.

पहिलीपासून पदवीपर्यंत चालणारी मदत म्हणजे केंद्रीय सैनिक बोर्डाचं (माजी सैनिकांच्या कल्याणाचं केंद्र सरकारचं बोर्ड) शिक्षण अनुदान. हवालदार आणि त्याखालच्या रँकच्या माजी सैनिकांच्या दोन मुलांपर्यंत मिळतं. नेव्ही-एअर फोर्समध्ये त्याच दर्जाची रँक धरतात. आधी एका मुलामागे महिन्याला 1,000 रुपये होते. 1 नोव्हेंबर 2025 पासून आलेल्या अर्जांना 2,000 रुपये केले आहेत, म्हणजे वर्षाचे 24,000. सैनिकाची विधवा स्वतः दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेत असेल तर तिलाही हे अनुदान आहे. ही गोष्ट मी मुद्दाम मोठ्यानं सांगते, कारण आपल्यातल्या पस्तिशीच्या बाया ‘आता माझं काय शिकायचं राहिलं’ म्हणतात. अर्ज दर वर्षी नव्यानं, पास झाल्याच्या गुणपत्रिकेसह करायचा. तसंच शिक्षणसाहाय्य दुसरीकडून घेत नसल्याचंही लिहून द्यावं लागतं. दुसऱ्या नोकरीत मुलांच्या शिक्षणाचा भत्ता मिळत असेल तर खरं ते सांगा.

बारावीनंतरची मोठी मदत म्हणजे पंतप्रधान शिष्यवृत्ती. 2006-07 साली सुरू झाली. देशभरात वर्षाला 5,500 मुलांना मिळते, निम्मी मुलं, निम्म्या मुली. मुलीला महिन्याला 3,000, मुलाला 2,500. सायली बीएस्सी ॲग्रीला गेली. चार वर्षांचा कोर्स, म्हणजे एकूण 1,44,000 रुपये. आमच्या घरात एवढे पैसे एका मुलीच्या शिक्षणासाठी कोणी बाजूला काढले नसते, हे मी स्पष्टच लिहिते.

हिच्या अटी नीट वाचा. बारावीला किमान 60 टक्के हवेत. पण 60 ही नुसती उंबरठ्याची अट आहे. वीरगती मिळालेल्यांची, अपंगत्व आलेल्यांची, शौर्यपदक मिळालेल्यांची मुलं आधी घेतात आणि मग आपल्यासारख्यांची गुणांप्रमाणे यादी लागते. साध्या गटात ऑफिसर रँकच्या खालचेच माजी सैनिक बसतात. कोस्ट गार्डवालेही येतात. वडील अजून नोकरीत असतील तर ही शिष्यवृत्ती नाही. कोर्स व्यावसायिक हवा: इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, बीएड, बीबीए, बीसीए असा. साधं बीए, बीकॉम चालत नाही, घरी बसून पत्राद्वारे केलेला कोर्सही चालत नाही. आणि अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. ‘यंदा राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ म्हटलं की गेली, फक्त डिप्लोमावरून थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांना सवलत आहे.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या साइटवर ऑनलाइन भरतात. त्यासोबत तीन कागद लागतात: सैनिक कार्यालयाचा माजी सैनिक असल्याचा दाखला, कॉलेजच्या प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र, आणि खातं आधारशी जोडलेलं असल्याचा बँकेचा कागद. तिन्हींचे नमुने साइटवरच आहेत. तेच छापून न्या, कॉलेजचं नेहमीचं बोनाफाईड चालवून घेऊ नका. शेजारच्या वाडीतल्या एका पोराला मुंबईच्या कॉलेजात शिक्का मिळाला, तारीख मिळाली नाही, आणि तेवढ्यासाठी त्याला परत जावं लागलं. काउंटर सोडायच्या आधी सही, शिक्का, तारीख, तिन्ही बघा. स्कॅन दुकानात करा, मोबाइलच्या फोटोत शिक्क्याची शाई पुसट येते. पुढच्या वर्षांसाठी नूतनीकरण असतं आणि त्याला दर वर्षी 50 टक्के लागतात. सायलीनं दुसऱ्या वर्षीचं नूतनीकरण शेवटच्या दोन दिवसांत केलं, साइट चालेना, रात्री दोनला अर्ज गेला. तेव्हापासून ती तारीख आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो.

प्रवेशाच्या वेळीही एक गोष्ट हातची जाते. सीईटी सेलचा (राज्याच्या प्रवेशाचं काम बघणारं सरकारी कार्यालय) इंजिनिअरिंगचा फॉर्म भरताना डिफेन्सचा रकाना असतो. महाराष्ट्राचे रहिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं डेफ-1 ह्या गटात येतात. प्रत्येक कॉलेजात डिफेन्ससाठी 5 टक्के, जास्तीत जास्त 5 जागा राखीव. जातीचा दाखला जोडून हा रकाना तसाच सोडणारे मी पाहिले आहेत. फॉर्म सायबर कॅफेत भरत असाल तर आपण शेजारी बसून तो भरून घ्या. माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातला दाखला सैनिक कार्यालय देतं.

लहान मुलांसाठी सैनिक शाळा आहे. साताऱ्याची 1961 सालची, देशातली पहिली. 25 टक्के जागा आजी-माजी सैनिकांच्या मुलांना. सहावीला वय 10 ते 12 लागतं आणि आता मुलींनाही घेतात. धाकट्यानं परीक्षा दिली, नंबर लागला नाही. पण त्या वर्षी त्याचं गणित सुधारलं ते टिकलं.

ज्यांच्या घरचा माणूस लढाईत गेला, बेपत्ता झाला किंवा कायमचा अपंग झाला, त्यांच्यासाठी वेगळी सवलत 1972 पासून आहे: मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात पदवीपर्यंत पूर्ण शिक्षण शुल्क. 2017 साली तिच्यावर महिना 10,000 रुपयांची मर्यादा घातली होती, ती 2018 मध्ये उठवली. जुना आकडा कोणी सांगत असेल तर ऐकू नका. अशा ताईंनी अर्जासाठी एकटीनं फिरू नये. सैनिक कार्यालयातले कल्याण संघटक स्वतः माजी सैनिक असतात, ते घरी येऊन कागद बघतात. तसं सांगायला लाज वाटू देऊ नका.

आमच्या शेजारच्या मंडणगड तालुक्यातले, आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिकवायचे आणि पेन्शनीत दापोलीच्या कॅम्पात येऊन राहिले. बाबासाहेब त्यांचे चिरंजीव. पोरं ‘कशाला एवढे कागद’ म्हणून कुरकुरतात तेव्हा मी त्यांना हे सांगते.

रत्नागिरीला जाताना पिशवीत हे असू द्या: मूळ कागद, प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स, वडिलांचे आणि मुलाचे चार-चार फोटो, पासबुक, आधार, डिंक, निळं पेन. झेरॉक्स खेडलाच काढून घ्या. आणि पोच घेतल्याशिवाय, तिच्यावर आवक क्रमांक बघितल्याशिवाय परतीची एसटी पकडू नका.