चोक आत ढकलला की होडीचं आउटबोर्ड इंजिन बंद पडतं?

पावसाळाभर उभं असलेलं जुनं आउटबोर्ड चोकवर चालतं, चोक आत ढकलला की मरतं. लगेच कार्बुरेटर खोलू नका.

१. मरायला लागताच पेट्रोलच्या नळीवरचा रबरी बल्ब दाबत राहा. इंजिन सावरलं तर दोष बहुधा फ्युएल पंप, फिल्टर किंवा नळीत. कार्बुरेटरला हात नको.

२. तरीही मेलं, तर कार्बुरेटरच्या बाउलचा (तळाच्या पेट्रोलच्या वाटीचा) ड्रेन स्क्रू काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाला दिसेल.

३. पाणी नसेल तर बहुधा जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) तुंबलाय. तो काढून कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, भोकातून तंगुसाचा बारीक धागा फिरवा, हवा मारा. तार घालू नका. पितळ मऊ, भोक मोठं होतं, मग नवा जेटच घ्यावा लागतो.

चाचणी घेताना इंजिनाचा पाय पाण्यातच हवा, नाहीतर इम्पेलर (थंड करायचं पाणी खेचणारं रबरी चक्र) जातो.