कॅम्पसबाहेर घर घेताना: आधी बाहेर पडायची वाट

फेलोशिप पुढच्या सत्रात टिकेल का हेच नक्की नसेल, तर भाड्याच्या आधी करार बघा. मुदतीआधी घर सोडल्यास किती भरावं लागेल? नोटीस किती दिवसांची? पोटभाडेकरू चालेल का? तिथे नुसतं ‘मालकाच्या लेखी संमतीने’ असेल, तर ‘संमती विनाकारण नाकारली जाणार नाही’ हे शब्द घालून घ्या.

रूममेटसोबत एकच करार असला की सहसा प्रत्येकजण पूर्ण भाड्याला बांधील असतो. एक निघून गेला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या बोडक्यावर. खोलीगणिक वेगळा करार थोडा महाग पडला तरी घ्यावा.

न बघता डिपॉझिट पाठवू नका. व्हिडिओ कॉलवर नळ सोडायला, सिंकखालचं कपाट उघडायला सांगा. गळती तिथेच दिसते. टाळाटाळ करणाऱ्याकडे बऱ्याचदा घराची किल्लीच नसते.