शब्द ओळखण्यातला व्यत्यय कसा मोजावा

नंतर पाहिलेल्या शब्दांमुळे आधीचे शब्द ओळखायला अडथळा येतो, तो व्यत्यय. मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला तो मोजायचा प्रयोग आला की अनेक जर्नलांत ‘व्यत्ययाचा परिणाम आढळला नाही’ असं ठोकून दिलेलं असतं. दोष बहुतेक वेळा शब्दांच्या निवडीत असतो. यादी आठवून लिहायला सांगितली तर व्यत्यय ठळक दिसतो. नुसतं ‘होता की नव्हता’ विचारलं तर तो बारीक असतो आणि गचाळ यादीत सापडतच नाही.

प्रयुक्तांचे, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करायचा त्यांचे, दोन गट करा. दोघांना तीच २० शब्दांची यादी दाखवा, शब्दाला २ सेकंद. मग एका गटाला २० शब्दांची दुसरी यादी, दुसऱ्याला तेवढाच वेळ बेरजा-वजाबाक्या. रिकामं बसवू नका, लोक मनात घोकत बसतात.

मग चाचणी: पहिल्या यादीतले २० आणि २० नवे शब्द दाखवून, प्रत्येक शब्द पहिल्या यादीत ‘होता की नव्हता’ विचारायचं. खरी मेख या २० नव्या शब्दांत आहे. ‘कोणतेही घ्या’ हा सल्ला कचऱ्यात टाका. यादीत घर, पाणी, रस्ता आणि नव्यांत घंगाळ, मुसळ असलं, तर नवे शब्द कोणीही चटकन वेगळे काढतो. व्यत्ययाला वावच उरत नाही. दुसरं टोक म्हणजे उशी, पांघरूण, जांभई, स्वप्न दाखवायचं आणि चाचणीत ‘झोप’ विचारायचं. लोक छातीठोकपणे ‘होता’ म्हणतात. मानसशास्त्रज्ञ डीझ यांना १९५९ मध्ये आठवून सांगण्याच्या चाचणीत हे दिसलं. रोडिगर आणि मॅकडरमॉट यांनी १९९५ मध्ये ओळखीतही दाखवलं. झकास प्रयोग आहे, पण वेगळा.

मी रोजच्या वापरातली ६० नामं चिठ्ठ्यांवर लिहिते, सासू-सून छापाच्या जोड्या आधीच काढून टाकते, मग चिठ्ठ्या उचलून २०-२०-२० वाटते: पहिली यादी, दुसरी यादी, नवे शब्द.

दुसऱ्या यादीतले शब्द चाचणीत ‘नवे’ म्हणून घुसडू नका. ते शब्द ओळखीचे असतातच, कुठल्या यादीतले एवढंच आठवत नसतं. शिवाय गणितवाल्यांनी ते पाहिलेलेच नसतात, मग तुलना कसली?

चाचणीतले ४० शब्द पिसा. जुने आधी, नवे मागून असं अजिबात नको, कारण उत्तरं देता देताही व्यत्यय साचतो आणि शेवटाकडे ओळख घसरते.

गुण देताना नुसते बरोबर ‘होता’ मोजू नका, त्यांच्या प्रमाणातून चुकीच्या ‘होता’चं प्रमाण वजा करा. एकीने २० पैकी १८ जुने ओळखले, पण १२ नव्यांनाही ‘होता’ म्हटलं: ०.९० वजा ०.६०, म्हणजे ०.३०. दुसरीचे १५ आणि २, म्हणजे ०.६५. परीक्षक नेमकं हेच विचारतात.