आइस मेकर बर्फ देत नसेल, तर आधी पाण्याचा दाब बघा

साइड-बाय-साइड फ्रिजचा आइस मेकर बंद पडल्याचा फोन आला की मी पहिलं विचारतो, "कितव्या मजल्यावर राहता?" ठाण्यात मी फ्रिज दुरुस्तीची कामं करतो. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या घरांत बरेचदा मशीन धडधाकट असतं, पाण्याला जोर नसतो.

टाकीतलं पाणी दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब देतं. आइस मेकरच्या व्हॉल्व्हला, म्हणजे पाणी सोडणाऱ्या झडपेला, बहुतेक मॉडेलांत निदान दीड बारच्या आसपास दाब लागतो. म्हणजे टाकी फ्रिजच्या १५ मीटर वर हवी. गच्चीवरची टाकी तुमच्यापासून चारच मीटर वर असेल, तर अर्धा बारही मिळत नाही. आरओतून नळी काढली असेल तर अवस्था आणखी वाईट, कारण घरगुती आरओच्या साठवण टाकीतलं पाणी नुसतं उताराने येतं.

यात खरी गोम वेगळीच आहे. हा व्हॉल्व्ह बंद होतो तोही पाण्याच्याच दाबावर. दाब कमी पडला की तो घट्ट बसत नाही, थेंब थेंब गळतो, आणि ते थेंब ट्रेमध्ये पाणी सोडणाऱ्या नळीत गोठतात. नळी बुजली की बर्फ बंद. अशा वेळी अख्खा आइस मेकर बदलून देणारेही आहेत, त्याचं मला फार वाईट वाटतं. ग्राहकाचे पैसे जातात आणि नळी पुन्हा बुजते.

तपासणी घरीच होते. फ्रिजचा प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा, मागची नळी सोडवून भांड्यात धरा. कॉक १० सेकंद उघडा. पाऊण कप, म्हणजे १८० मिलीच्या आसपास पाणी यायला हवं. त्याहून बरंच कमी आलं, तर प्लंबरकडून प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप बसवून घ्या. गोठलेली नळी कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने मोकळी करा. स्क्रू ड्रायव्हर अजिबात खुपसू नका, प्लास्टिक तडकतं.

पाणी नीट येत असेल, तर फ्रिजमधला फिल्टर बघा. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. बोअरिंगचं जड पाणी असेल तर आधीच चोंदतो. बर्फाचे खडे बारीक किंवा पोकळ पडत असतील, तर पाणी कमी पडतंय असं समजा.

फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. ट्रे पुरेसा गार झाल्याशिवाय मशीन खडे सोडतच नाही, त्यामुळे दाराचं रबर सैल असेल तरी बर्फ मंदावतो. मशीन चालू-बंद करणारा लीव्हर असलेल्या मॉडेलांत तो वर अडकला असेल तर मशीन बंदच राहतं. बर्फाचं भांडं धुवायला काढताना तो सहज वर जातो.

सगळं जुळवल्यावर २४ तास थांबा. पहिल्या एक-दोन वेळचे खडे टाकून द्या. तरीही बर्फ पडला नाही तर मेकॅनिक बोलवा आणि १० सेकंदांत किती पाणी आलं, फ्रीझर किती अंशांवर आहे, हे त्याला आधीच सांगा.