सरत्या वर्षात गेलेल्या गायक-वादकांची प्लेलिस्ट कशी बांधायची

नावांची वही १ जानेवारीलाच उघडावी. डिसेंबरात आठवून केलेल्या यादीत बहुतेक दिवाळीनंतर गेलेलेच येतात. २०२४चंच बघा. उस्ताद राशिद खान ९ जानेवारीला गेले, डॉ. प्रभा अत्रे १३ जानेवारीला, पंकज उधास २६ फेब्रुवारीला. उलट १० डिसेंबरला यादी बंद केली असती, तर उस्ताद झाकिर हुसेन सुटले असते. ते १५ डिसेंबरला गेले. म्हणून वही ३१ डिसेंबरच्या रात्री मिटायची आणि ऐकण्याची बैठक जानेवारीतल्या एखाद्या रविवारी ठेवायची. नागपुरात हे सोयीचंही पडतं. थंडीत पंखे बंद, कूलर बंद. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तानपुरा ऐकूच येत नाही, मग आवाज वाढवावा लागतो आणि गाणं किंचाळायला लागतं.

वहीत रकाने चार: नाव, तारीख, गायचे की वाजवायचे, बातमी कुठून कळली. चौथा रकाना फालतू वाटतो, पण झाकिरभाईंच्या वेळी काय झालं ते आठवा. रविवारी रात्री निधनाची बातमी फिरली, मग इन्कार आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुटुंबानं दुजोरा दिला. व्हॉट्सॲपवर दिवा-फुलांचा फोटो आला म्हणून शाईनं नाव लिहायचं नाही. कुटुंबाचं निवेदन येईपर्यंत पेन्सिल.

कोणाचं काय घ्यायचं

साथीदार यादीतून गळतात, कारण ॲप मुख्य कलाकाराच्या नावानं शोधतं. झाकिर हुसेन टाइप केलं की एकल तबला आणि ‘शक्ती’ हा त्यांचा फ्यूजन बँड समोर येतो. पंडित शिवकुमार शर्मांच्या संतूरमागचा त्यांचा तबला संतूरच्या नावाखाली दडलेला असतो. पंडित राम नारायण नोव्हेंबर २०२४ मध्ये गेले. एकल सारंगीसाठी ते जगभर ओळखले गेले, पण त्याआधी चित्रपटगीतांत त्यांनी जी सारंगी वाजवली, तिथं बहुतेक ठिकाणी वादकाचं नावच नसतं. तेव्हा वादकाचा शोध घेताना तो ज्यांच्या मागं बसला त्यांची नावं टाका आणि रेकॉर्डच्या मागच्या कव्हरचा फोटो वाचा. आमच्या मते तबलजीचं एक एकलवादन आणि एक संगत घ्यावी. एकच घेता येत असेल तर संगत घ्यावी. ठेका धरून गप्प राहणं एकलवादनात ऐकायला मिळत नाही.

गायकाचं सगळ्यांना ठाऊक असलेलं गाणं आधी, मोठी चीज नंतर. राशिद खान यांचं ‘जब वी मेट’मधलं (२००७) ‘आओगे जब तुम’ टाळून शहाणपणा दाखवू नका. तो आवाज ओळखीचा झाला की लोक ख्यालाला बसतात. प्रभाताईंचा मारुबिहाग राग घ्याल तर ‘कल नाही आए’ आणि ‘जागू मैं सारी रैना’ लागोपाठच राहू द्या. ॲपवर बडा ख्याल (संथ लयीतला, म्हणजे विलंबित) आणि द्रुत (जलद लयीतली चीज) कधी कधी दोन वेगळे ट्रॅक असतात. शफल चालू राहिलं की द्रुत आधी वाजतं आणि विलंबित भलत्याच्या मागं जाऊन बसतं.

वेळेचा हिशेब: दीड तासाच्या बैठकीत २२ मिनिटांची एक चीज, ११ मिनिटांच्या दोन, साडेचार मिनिटांच्या सहा. प्रत्येकाआधी मिनिटभर बोलणं. सगळं मिळून ८०-८२ मिनिटं होतात. उरलेली पाणी-चहा आणि उशिरा येणाऱ्यांसाठी. पंधरा-वीस नावं कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला मुखडाच येतो.

सूर जुळत नाही तेव्हा

दोन ट्रॅकच्या षड्जात (‘सा’मध्ये) अर्ध्या स्वराचा फरक असेल, तर दुसरा गायक बेसूर वाटतो. दोष त्याचा नसतो; कानात आधीचा तानपुरा अजून घुमत असतो. असे दोन शेजारी ठेवू नका. ठेवावेच लागले तर ते मिनिटभराचं बोलणं नेमकं तिथं कामी येतं. आवाजाची पातळी सारखी करण्याची सेटिंग चालू ठेवा, नाहीतर जुन्या रेकॉर्डनंतर नवं फिल्मी गाणं अंगावर येतं. क्रॉसफेड मात्र शून्यावर. तो चालू असला की आधीच्या गाण्याची शेपटी पुढच्या आलापावर चढते.

जे ॲपवर नाहीच

खरी मेहनत इथं आहे. खंजेरी भजनं, भीमगीतं, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकातली पेटी-तबल्याची मंडळी: यांपैकी कोणी गेलं तर त्यांचं गाणं कुणाच्या तरी घरी कॅसेटवरच असतं. बरीच वर्षं वाजवली नसेल तर कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. उन्हाळ्यांनी फीत एकमेकींना धरून बसलेली असते. डेकचं हेड कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. डेकमधली वायर लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका. ते भोक बारीक आवाजासाठी असतं, त्यामुळं गाणं फाटतं आणि बहुधा दोन्ही बाजू मिसळून एक होतात. लाइन-इन वापरा किंवा यूएसबीचा साउंड कार्ड लावा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट ४४,१०० हर्ट्झ ठेवा आणि सगळ्यात चढा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ६० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्धा तास चालते, तेवढा वेळ शेजारी बसावंच लागतं. खरखर काढायच्या फिल्टरचा हात आखडता ठेवा. जास्त फिरवला की खंजेरीच्या झांजांचा खणखणाट आधी जातो.

घरच्या दहा-वीस जणांत परवान्याचा प्रश्न सहसा येत नाही. हॉल घेऊन तिकीट लावलं तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कधारकांचा परवाना लागतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, मात्र गीत-संगीताचा हक्क वेगळा मोजतात. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद.

त्या संध्याकाळी सगळे ट्रॅक आधीच डाउनलोड करून ठेवा, फोन विमान मोडवर टाका आणि ब्लूटूथऐवजी वायर लावा. रात्रीचे राग उत्तरार्धात ठेवा, शेवटी भैरवी. आणि ऑटोप्ले बंद केलाय ना, हे दोनदा बघा. नाहीतर भैरवीचा तानपुरा विरतो न विरतो तोच ॲप आपल्या मनानं वरातीतलं गाणं लावतं.