कोकणातील उकाडा आणि आमची परदेशी भाडेकरू

रत्नागिरीतील आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक जर्मन तरुणी भाड्याने राहते. एप्रिल लागताच तिची झोप उडाली, अंगभर घामोळे उठले आणि कोणाच्या तरी सल्ल्यावरून तिने पाण्याचा कूलर आणला. त्याने त्रास वाढलाच. नागपूरच्या कोरड्या हवेत कूलरमधील पाण्याची झपाट्याने वाफ होऊन हवा गार होते. परंतु आमच्याकडे पारा 33-34 अंशांच्या आसपास असला तरी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते, त्यामुळे कूलर खोलीतील दमटपणा वाढवतो आणि अंगावरचा घाम सुकत नाही.

म्हणून मी प्रथम कूलर बंद करवला आणि खिडक्यांची वेळ ठरवून दिली. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, तेव्हा पश्चिमेकडील खिडक्या उघडायच्या. रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात, तेव्हा पूर्वेकडील. समोरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा बसवला, म्हणजे कोंडलेली गरम हवा बाहेर पडते. सर्वांत मोठा फरक मात्र गच्चीवर दिलेल्या चुन्याच्या दोन हातांनी पडला, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत असे. सुती कपडे आणि मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत यांचाही उपयोग झाला.

‘काकू, आता झोप लागते,’ असे तिने सांगितले, तेव्हा मला फार बरे वाटले. पावसाळ्यात चुना धुऊन जातो. तो दरवर्षी मार्चमध्ये पुन्हा द्यावा लागतो.